स्प्रिंगच्या पानावरची कुरडई

“महाराष्ट्रात दोन प्रकारचे डिटेक्टिव्ह आहेत,” कुलदीप घारे म्हणाले. “एक मी. दुसरा प्रकार अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.”

समोर बसलेल्या नानासाहेब काळोख्यांनी मान हलवली. माणूस खरं बोलतोय की नुसताच बोलतोय, याचा अंदाज येईपर्यंत ते मान हलवत राहायचे.

“आडनाव घारे, नजर घारीची,” घाऱ्यांनी पुढे सांगितलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा साडेसहा नंबरचा होता. त्यामुळे पुढची दोन वाक्यं त्यांनी नानासाहेबांऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरला ऐकवली. “एकोणीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. गेटमधून रोज बाराशे माणसं आत जायची. नुसत्या चालीवरून मी सांगायचो, हा माणूस उशिरा आलाय.”

“ते घड्याळावर बी कळतंय की,” नानासाहेब म्हणाले.

“कळतं. पण घड्याळाला त्यामागची मानसिकता कळत नाही.”

शेजारच्या खुर्चीत बिल्किस मुलाणी मांडीवर वही घेऊन बसली होती. तिनं वहीत ‘मानसिकता’ असं लिहून त्याखाली रेघ मारली, कारण लिहिलं नाही तर सर थांबत नाहीत हे तिला चार वर्षांत कळलं होतं. काळेवाडीत तिच्या नवऱ्याचं, नवाबचं, गॅरेज होतं आणि गॅरेजवरच्या खोलीत घारे इन्व्हेस्टिगेशन ब्यूरो. ब्यूरोची पायरी चढणारी माणसं खरं तर बिल्किसकडे यायची. कुणाचा ऑनलाइन फॉर्म अडलेला, कुणाचा पासवर्ड हरवलेला, कुणाच्या दुकानाची वेबसाइट बिघडलेली. ती दुरुस्ती करायची आणि घारे तिला केस म्हणायचे. मागच्या महिन्यात तिनं एका बेकरीच्या वेबसाइटवरचे आडवे झालेले फोटो सरळ करून दिले होते. ब्यूरोच्या दप्तरात त्याची नोंद ‘आडव्या केकचं प्रकरण, गुन्हेगार फरार’ अशी होती.

आज शनिवार. तळवड्यातल्या ‘इंदु स्प्रिंग्ज’ या कारखान्याच्या मालकांच्या केबिनमध्ये ते बसले होते. कारखाना नानासाहेबांनी बायकोच्या नावानं काढला होता. बायकोनं तो आतून दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा खंडेनवमीला, पूजेपुरता.

“तर इषय असा हाय,” नानासाहेब म्हणाले. “चाकणला ट्रकची एक कंपनी हाय. त्यांना आमच्या स्प्रिंगा पायजेत. पण त्यांचा एक फॉरम असतोय. तुमची वेबसाइट हाय का, तिच्यावर मालाचा व्हिडिओ हाय का, असलं सगळं. आमच्या सुजितनं मशीनचा झकास व्हिडिओ काढून टाकला. म्हैनाभर ब्येस चालला. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी आलो, पान उघडलं, तर मशीन गायब!”

“आणि त्या जागी?”

नानासाहेबांनी आवाज खाली आणला. “शेंगोळी.”

घाऱ्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

“हुलग्याची,” नानासाहेब म्हणाले. “पोळपाटावर दोन हात शेंगोळी वळत होते. तोंड दिसत न्हाई, नाव न्हाई, आवाज न्हाई. आज सकाळी बगतो तर शेंगोळी गेली आन् कुरडई आली. सोमवारी तीन वाजता चाकणच्या विजयश्री मॅडम व्हिडिओ कॉलवर बोलणार हायत. त्यांनी पान उघडलं आन् कुरडई दिसली, तर आमी काय सांगायचं? ट्रकला कुरडया बसवतो?”

“संशय कुणावर?”

“पासवर्ड एकट्या सुजितला म्हाईत. क्वालिटीला हाय तो, उदगीरचा. कालपासनं त्याला कंप्युटरला हात लावू दिला न्हाई. भाईर स्टुलावर बशिवलाय. तुमी शोध लावा, मंग पोलिसात देतो.”

त्यांनी खणातून एक बंद पाकीट काढलं. त्यात सुजितकडून लिहून घेतलेला वेबसाइटचा पासवर्ड होता. बिल्किसनं हात पुढे केला, पण घाऱ्यांनी ते पाकीट रुमालात धरून अलगद आपल्या खिशात ठेवलं.

“सर, ते उघडलं तर मला आत जाऊन बघता येईल.”

“बिल्किसबाई, पुरावा हाताळायचा नसतो.”

“पण तो पुरावा नाही, पासवर्ड आहे.”

“तेच गुन्हेगाराला हवंय,” घारे म्हणाले.

तपास तिथल्या तिथे सुरू झाला. व्हिडिओ पानावर दिसतो कसा, असं घाऱ्यांनी विचारलं. नानासाहेब म्हणाले, प्लग-इन लावलाय. झालं. पुढचा पाऊण तास घारे भिंग घेऊन शॉपभर हिंडले आणि भिंतीवरचा एकेक प्लग तपासत राहिले. पिण्याच्या पाण्याच्या कूलरचा प्लग त्यांना सैल वाटला म्हणून त्यांनी तो उपटून पिशवीत घातला. कूलरच्या वायरसकट.

बिल्किसनं त्यांना बाजूला घेतलं. “सर, प्लग-इन म्हणजे तो नव्हे. वेबसाइटच्या पानाला सगळ्याच गोष्टी स्वतःहून येत नाहीत. व्हिडिओ दाखवायचा तर त्यासाठी बनवलेला एक छोटा प्रोग्राम पानाला जोडतात, त्याला प्लग-इन म्हणतात. त्याला सांगून ठेवायचं, कुठला व्हिडिओ, केवढ्या चौकटीत, आपोआप सुरू व्हायचा की दाबल्यावर. मला वाटतं इथं सेटिंगमध्येच काहीतरी...”

“सेटिंग!” घारे ओरडले. तीन मशीनवरच्या माणसांनी वळून बघितलं. “मला पहिल्यापासून वास येतच होता. कुणाची कुणाशी?”

“कुणाची नाही. प्लग-इनची.”

“आतलाच माणूस फुटल्याशिवाय सेटिंग होत नाही. लिहून घ्या.”

बिल्किसनं लिहून घेतलं नाही. ती बाहेर गेली.

सुजित टाइम ऑफिसच्या भिंतीला टेकवलेल्या स्टुलावर बसला होता. पस्तिशीचा माणूस, खिशाला कंपनीचा बिल्ला, हात मांडीवर. येणारे-जाणारे त्याच्याकडे न बघता जात होते, आणि न बघण्यासाठी बरेच कष्ट घेत होते.

“मी काहीच केलो नाही ओ मॅडम,” तिनं विचारायच्या आधीच तो म्हणाला. “आठ वर्षं झाली इथं. माझ्या हातून एक स्प्रिंग रिजेक्ट होऊन आली नाही. आन् आता घरी बायकोला काय सांगू, शेंगोळीपायी बसवलेत म्हणून?”

“प्लग-इनमध्ये व्हिडिओ कुठला दाखवायचा, ते काय ठेवलंय?”

सुजितच्या चेहऱ्यावर चोवीस तासांत पहिल्यांदा जीव आला. कुणीतरी कामाचं विचारत होतं. “दोन पर्याय असतेत बघा. एक तर ठरलेला व्हिडिओ, न्हाईतर कंपनीच्या व्हिडिओच्या चॅनेलवर सगळ्यात नवा असंल तो. मी नवाच ठेवलो. साहेब म्हणले होते, दर महिन्याला नवीन मशीनचा व्हिडिओ टाकू. म्हणजे मला सारखं बदलायला नको.”

“म्हणजे कुणीतरी कंपनीच्या चॅनेलवर शेंगोळी टाकतंय. चॅनेल कुणाकुणाकडे उघडं आहे?”

“माझ्या कंप्युटरवर आन् साहेबांच्या फोनात. बास.”

बिल्किस केबिनमध्ये गेली. नानासाहेबांनी आपला फोन तिच्यापुढे टाकला. फोन कोरा करकरीत होता. त्यात शुभ सकाळीच्या चित्रांखेरीज काही नव्हतं. चॅनेलचा मागमूस नाही.

“बघितलंत?” घारे मागून म्हणाले. “स्टुलावरचा माणूस मालकावर ढकलतोय. सराईत आहे.”

रविवारी सकाळी पानावर चकली आली.

घाऱ्यांना रात्रभरात सगळा उलगडा झाला होता. काळेवाडीच्या खोलीत त्यांनी भिंतीवर तीन कागद चिकटवले. “शेंगोळी, कुरडई, चकली. तिन्हींत समान काय?”

“पीठ,” बिल्किस म्हणाली.

“वेटोळं! आणि स्प्रिंग म्हणजे? वेटोळं! बिल्किसबाई, हा औद्योगिक हेरगिरीचा सांकेतिक संदेश आहे. इंदु स्प्रिंग्जची ड्रॉइंगं पिठात उतरवून जगभर पाठवली जाताहेत. कुरडईची वेटोळी मी स्वतः मोजलीत. एकदा एकोणीस आली, एकदा तेवीस, एकदा मध्येच डोळा लागला. म्हणून पुन्हा पुन्हा मोजली.”

“आणि आवाज का नाही?”

“उघड आहे. गुन्हेगार मुका आहे.”

चकलीनं प्रकरण आणखी गंभीर केलं. चकलीला काटे असतात. काट्यांची तार लष्कराच्या हद्दीला असते. लष्कराची हद्द दिघीला आहे. अशी ही साखळी रिक्षात बसेपर्यंत पूर्ण झाली होती, आणि रविवारची सबंध दुपार बिल्किसनं दिघीला तारेच्या कुंपणाशेजारी उन्हात उभं राहून काढली. घारे भिंगातून काटे मोजत होते. दीड तासानं आतून एक जवान आला. त्यानं हिंदीत दोनच वाक्यं विचारली आणि घाऱ्यांनी आपली संपूर्ण ओळख, घारीपासून, करून दिली. जवान शांतपणे ऐकून म्हणाला, “ताई, इन्हें छाँव में बिठाइए.”

परतताना बिल्किसला वाटलं, आता पाकीट मागावं. तेवढ्यात घारे म्हणाले, “उद्या दोन वाजता सगळ्यांना केबिनमध्ये बोलवा. सुजितविरुद्ध पोलिस तक्रार टाइप करून आणा. आणि त्याचा साथीदारही मला सापडलाय. ज्योतीराम.”

“तो म्हातारा मशीनवाला? का?”

“तपासात मी तीनदा हाक मारली, त्यानं ओ दिली नाही. मनात पाप असल्याशिवाय माणूस असं करत नाही.”

सोमवारी दोन वाजता केबिनमध्ये पाच माणसं जमली. नानासाहेब खुर्चीत. सुजित दाराशी, हात मागे बांधून. ज्योतीराम, साठीला टेकलेला, बोटांना ग्रीस. अठ्ठावीस वर्षं वाइंडिंग मशीनशेजारी उभं राहून त्याचे कान अर्धे गेले होते, ही गोष्ट घारे सोडून सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. बिल्किसच्या पर्समध्ये तक्रारीचा कागद घडी घालून ठेवलेला होता. तो तिनं टाइप केला होता, पण आरोपीच्या नावाची जागा मोकळी ठेवली होती. सरांना सांगायला तिनं ‘प्रिंटर अडकला’ असं कारणही तयार ठेवलं होतं.

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर कंपनीचं पान उघडलं. वर ‘इंदु स्प्रिंग्ज, तळवडे’, आणि त्याखाली दोन हात निवांतपणे चकल्या पाडत होते.

“सज्जनहो,” घाऱ्यांनी सुरुवात केली, “तुमच्यातला एक जण सज्जन नाही.”

पुढची वीस मिनिटं पिठातली ड्रॉइंगं, लष्कराचं कुंपण आणि परदेशी हात यांत गेली. सुजितचा चेहरा पांढरा पडत गेला. नानासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजायला आले होते.

“आवाज वाढवा की जरा,” ज्योतीराम म्हणाला.

घारे थबकले. “माझा?”

“तुमचा नव्हं. टीव्हीचा. ती बाई काय बोलतीया, मला ऐकू येईना.”

“कोणती बाई? यात आवाजच नाही. गुन्हेगार मुका आहे.”

“मुका कशाचा!” ज्योतीराम टीव्हीजवळ गेला. “ह्या हाताकडं बगा. पीठ दावतीया, थांबतीया, बोट नाचवतीया, परत थांबतीया. एकलं काम करणारं माणूस असं बोट नाचवत न्हाई. कुणाला तरी सांगतीया ती. अहो, मशीनच्या गोंगाटात आमी अठ्ठावीस वर्सं नुसत्या हातावरनं बोलणं वळखतुया.”

बिल्किस उठली. व्हिडिओच्या खालच्या कोपऱ्यात, मुगाच्या दाण्याएवढं एक चित्र होतं. कर्णा आणि त्याच्यावर काट. तीन दिवस ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. तिनं त्याच्यावर दाबलं.

केबिनभर आवाज घुमला.

“...आणि मोहन कडकडीत गरम हवं बरं का मैत्रिणींनो, नाहीतर चकली मऊ पडते. आमच्या यांना मऊ दिली तरी कळत नाही म्हणा. ते जेवताना फोन बघतात. परवा विचारलं, जेवण कसं झालं? म्हणाले, पोळी मस्त होती. भाकरी केली होती मी.”

ज्योतीरामला आता स्पष्ट ऐकू येत होतं आणि तो समाधानानं मान डोलवत होता.

“हिला वळखतो मी,” नानासाहेब खोल आवाजात म्हणाले.

“शाब्बास!” घाऱ्यांनी वही हिसकावून घेतली. “नाव, पत्ता, कुठल्या टोळीची?”

“बायको हाय माझी!”

घर जवळच होतं. इंदुताई दहा मिनिटांत स्कूटीवरून आल्या. त्यांच्या हातातला फोन बघताच बिल्किसला उरलेलं सगळं समजलं. जुना फोन, काचेला तडा.

“हा फोन कुणी दिला तुम्हाला?” तिनं विचारलं.

“यांनीच की. दिवाळीला यांनी नवा घेतला, जुना माझ्याकडं आला. नेहमीचंच आहे ते.”

सुजितनं कपाळावर हात मारला. साहेबांच्या त्याच फोनात त्यानं कंपनीचं खातं उघडून दिलं होतं, आणि ते अजून तसंच होतं. इंदुताईंनी व्हिडिओ काढला, अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं, व्हिडिओ गेला. कुठं गेला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. प्लग-इननं आपलं काम इमानदारीनं केलं होतं. चॅनेलवर नवं काय आलं ते उचलायचं आणि पानावर मांडायचं. पान उघडताच व्हिडिओ आपोआप सुरू करायचा, तर ब्राउझर आवाज बंद असल्याशिवाय तो चालू देत नाही, म्हणून सुजितनं सेटिंगमध्येच आवाज बंद ठेवला होता. मशीनच्या खडखडाटाला तसाही कोण मुकला असता?

“आणि लोकांना आवडतंय हो!” इंदुताई बिल्किसला कौतुकानं फोन दाखवू लागल्या. “कुरडई एकशे बारा वेळा बघितलीय. एका दिवसात!”

बिल्किसनं घाऱ्यांकडे बघितलं. घारे खिडकीबाहेर बघत होते. एकशे बारापैकी शंभरेक वेळा कुरडईची वेटोळी कुणी मोजली होती, हे त्या केबिनमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. कुलदीप घाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक रहस्य फोडलं नाही.

“अगं, पर कंपनीच्या पानावर?” नानासाहेबांना आता कुठं वाचा फुटली. “सांगायचं तरी मला!”

“व्हिडिओ टाकते म्हणून सांगितलं की. दोनदा. तुम्ही हं म्हणालात.” इंदुताईंनी टीव्हीकडे बोट केलं. “आणि पानावर नाव कुणाचं आहे? बोर्डावर कुणाचं आहे? माझ्या नावाच्या पानावर माझे हात दिसले तर त्याला चोरी कशी म्हणता? आणि बत्तीस वर्षं या हातचं जेवताय. तीन दिवस बघून वळखता आले नाहीत तुम्हाला?”

नानासाहेबांनी मान हलवून पाहिली, पण या वेळी तेवढ्यानं भागलं नाही.

“आणि हा का असा उभा आहे?” इंदुताईंची नजर सुजितवर गेली.

बिल्किसनं सांगितलं. शुक्रवारपासून, स्टुलावर, आणि आज पोलिसांत. इंदुताईंनी नवऱ्याकडे फक्त बघितलं. नानासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. का, ते त्यांनाही कळलं नाही.

तीनला दहा कमी होते. “सर, पाकीट,” बिल्किस म्हणाली आणि वाट न बघता घाऱ्यांच्या खिशातून ते काढून फाडलं. सुजित कंप्युटरपुढे बसला. प्लग-इन उघडलं, ‘सर्वात नवा’ काढून ‘ठरलेला व्हिडिओ’ केलं, मशीनच्या व्हिडिओचा पत्ता टाकला, जतन केलं. पान पुन्हा उघडलं. चकल्या गेल्या आणि वाइंडिंग मशीन चमकदार तार गिळून एकेक स्प्रिंग बाहेर टाकू लागलं. सगळ्याला चार मिनिटं लागली.

बरोब्बर तीनला विजयश्री मॅडम स्क्रीनवर आल्या.

“मॅडम, पान बगितलं का आमचं?” नानासाहेबांनी घाम पुसत विचारलं.

“पान? नाही हो. आमच्या ऑफिसात व्हिडिओ उघडतच नाहीत. आयटीवाल्यांनी बंद करून ठेवलेत, चार वर्षं झाली. मला फक्त फॉर्मवर खूण करायचीय. व्हिडिओ आहे का?”

“हाय.”

“आहे,” त्या म्हणाल्या आणि खूण केली. “झालं ते. आता मुख्य. लोड टेस्टचे रिपोर्ट तुमच्याकडे कोण बघतं? मागच्या सॅम्पलमध्ये दोन स्प्रिंगांचा लोड वेगळा आला होता. कारण समजल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.”

नानासाहेबांनी मागं वळून बघितलं.

सुजित पुढे आला. त्यानं कागद मागितला नाही, फाइल मागितली नाही. तारेचा लॉट कोणता, भट्टीत किती अंशांवर किती वेळ, त्या दिवशी कुठली शिफ्ट, नंतर काय बदललं, सगळं तो तोंडपाठ सांगत गेला. विजयश्री मॅडमनी तीन प्रश्न विचारले. चौथा विचारायची गरज पडली नाही. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवते, म्हणून त्यांनी कॉल बंद केला.

बिल्किसनं पर्समधला तक्रारीचा कागद काढला, दोनदा फाडला आणि टोपलीत टाकला. घाऱ्यांनी ते पाहिलं आणि पिशवीतून कूलरचा प्लग काढून टेबलावर ठेवला.

नानासाहेब सुजितसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण असल्या शब्दांची त्यांच्या जिभेला सवय नव्हती.

“च्या घेतलास का रं?” ते शेवटी म्हणाले.

“न्हाई साहेब. चार दिवस झाले, कुणी विचारलं न्हाई.”

नानासाहेब स्वतः बाहेर गेले. शॉपमधली माणसं बघत राहिली. मालक दोन्ही हातांत एक कप धरून, सांडू नये म्हणून पायाखाली बघत, पावलापावलानं येत होते. त्यांनी तो सुजितच्या हातात दिला.

सुजितनं एक घोट घेतला.

“साखर कमी आहे,” तो म्हणाला.

नानासाहेबांनी इंदुताईंकडे बघितलं. इंदुताई खिडकीबाहेर बघत होत्या. मग नानासाहेबांनी सुजितच्या हातातून कप परत घेतला आणि साखर आणायला गेले.